नाइस म्हणजे नेमकं कसं?

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

आपल्या ठाणे पुरवणीत हल्ली 'नाइस' जरा जास्तच व्हायला लागलंय. उपवनची संध्याकाळ नाइस, येऊरचा पाऊस नाइस, गोखले रोडवरच्या सेलमधल्या साड्या नाइस, आणि परवा तर नाटकाचा सेट पण नाइस. मी इंग्रजीच्या विरोधात लिहितेय असं प्लीज समजू नका, मी नौपाड्यात इंग्रजीचेच क्लास घेते, माझं घर त्याच्यावरच चालतं. माझी तक्रार अशी आहे की ज्या शब्दाला आम्ही इंग्रजीच्या निबंधात लाल पेनने गोल करतो तोच तुम्ही मराठीत हेडिंगला लावताय.

गोल करतो कारण त्यातून काही कळतच नाही. हवेबद्दल बोलायचं तर प्लेझंट लिही, माणसाबद्दल काइंड, जेवण असेल तर डिलिशियस, छोटंसं उबदार घर असेल तर कोझी, असं मुलांना सांगावं लागतं. हे सगळे नाइसचे समानार्थी म्हणून पुस्तकात एका ओळीत छापलेले असतात पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही, काइंड समोसा कोणी खात नाही. आता इंग्रज लोक स्वतः नाइस वापरतात की, दिवसभर वापरतात, पण बोलताना. ओळख झाली की 'नाइस टु मीट यू', कोणी गंडवायला आला आणि पकडला गेला तर 'नाइस ट्राय', चहा मस्त गरम असला तर 'नाइस अँड हॉट'. आणि 'नाइस डिस्टिंक्शन' म्हटलं की त्याचा अर्थ चांगला फरक नाही, बारीक फरक, सहज लक्षात न येणारा. नववी-दहावीची मुलं इथे हमखास फसतात.

बरं, ह्या शब्दाचं मूळ बघितलं तर गंमतच आहे. लॅटिनमध्ये 'नेस्कियस' म्हणजे ज्याला काही माहीत नाही तो, आपल्याकडचा 'अज्ञ' अगदी तस्साच. फ्रेंचमधून तो साधारण १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला तेव्हा नाइस म्हणजे मूर्ख, बावळट. मग त्याचा अर्थ फिरत फिरत नखरेल, चोखंदळ, मग काटेकोर असा होत गेला (तो बारीक फरकवाला अर्थ तिथलाच) आणि १८ व्या शतकात कुठे तो 'छान' झाला. सायन्स हा शब्दही त्याच लॅटिन धातूतला, 'जाणणे' ह्या अर्थाचा. म्हणजे जाणणारं ते सायन्स आणि न जाणणारा तो नाइस, हे वर्गात सांगितलं की मुलं एकमेकांना नाइस म्हणून चिडवत बसतात.

आपल्या 'मस्त'चं पण तसंच झालंय म्हणा, फारसीत मस्त म्हणजे नशेत असलेला, आपण बिनधास्त शिऱ्याला लावतो. त्यामुळे शब्द बाहेरून आला म्हणून माझं काही म्हणणं नाही.

माझं दुखणं पुरवणीतल्या खाण्याच्या पानाचं आहे. दिवाळी अंकाच्या दिवसात तुम्ही फराळावर लिहिलंत तेव्हा करंजी नाइस, चकली नाइस, चिवडा नाइस. अहो करंजी खुसखुशीत असते, चकली कुरकुरीत, आणि हे दोन्ही उलट झालं तर करणारीला वाईट वाटतं, चकली खुसखुशीत झाली म्हणजे मोहन जास्त पडलं हे घरातल्या कोणालाही कळतं. मोदकाची पारी लुसलुशीत, थालीपीठ खमंग, मिसळ झणझणीत, खिचडी मऊसूत, चहा फक्कड. ह्यातला एकेक शब्द जिभेला काय लागलं, दाताखाली काय आलं ते सांगतो, पुढे रेसिपी नाही दिली तरी अंदाज येतो. नाइस वाचून पदार्थ गोड की तिखट एवढंही समजत नाही.

माणसांचंही तेच. आमच्या सोसायटीत एकीच्या मुलीसाठी स्थळ आलं, मुलगा कसा आहे विचारलं तर 'नाइस आहे'. आता ह्याच्यावर लग्न ठरवायचं? सालस आहे, मनमिळाऊ आहे, भिडस्त आहे, लाघवी आहे, दिलदार आहे, काहीतरी बोला ना. अगदी 'बरा आहे' म्हणाला असतात तरी पुष्कळ कळलं असतं, कारण मराठीत मुलगा 'बरा आहे' म्हटलं की समोरचा पुढचे प्रश्न विचारायला लागतो.

छान हा शब्दही आपण तसाच घासून गुळगुळीत केलाय हे मान्य. चावी घरात विसरून दार ओढून घेतलं की आपण 'छान!' म्हणतो, इंग्रजही तिथे 'नाइस!' म्हणेल. म्हणून नाइस काढून सगळीकडे छान टाकू नका, ते काम झालं असं होणार नाही.

विनंती एवढीच आहे की पुरवणीचा मजकूर पानावर लावताना जिथे नाइस दिसेल तिथे लिहिणाऱ्याला फोन करून 'म्हणजे कसं?' एवढं विचारा. सांगता नाही आलं तर ते विशेषण सरळ उडवा, वाक्याचं काही बिघडत नाही. आणि कोपऱ्यात जागा रिकामी राहिली तर रोज एक विशेषण छापा. दिवा, ऐरोली, घणसोलीच्या आगरी-कोळी घरांतून असे शब्द येतील जे नौपाड्यात आम्ही कधी ऐकलेही नाहीत. पहिल्या आठवड्याचे माझ्या क्लासमधली मुलं पाठवतील, त्यांना तसाही सुट्टीचा अभ्यास द्यायचाच आहे.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)