उखीमठचा ‘वाया गेलेला’ दिवस

मा. संपादक,

स.न. पुढच्या वर्षीच्या चारधाम यात्रेची एक जाहिरात परवा पाहण्यात आली. ‘एकही दिवस वाया नाही’ असं तिच्यात ठळक छापलं होतं. मी नुकतीच तिकडून आले आहे, म्हणून हे पत्र.

आम्ही साताऱ्याहून 22 जण गेलो होतो. केदारनाथाहून उतरल्यावर उखीमठला एक दिवस मोकळा ठेवलेला होता. त्यावरून रात्री जेवताना चांगलीच कुरकुर झाली. ‘एवढे पैसे भरून झोपायला आलोय का?’ शेवटी बहुतेक मंडळी वर्गणी काढून, गाडी ठरवून चोपत्याला गेली, वरच्या तुंगनाथाच्या देवळापर्यंत चढायला. माझे गुडघे बोलायला लागले होते. मी आणि आणखी दोघी मागे राहिलो, तेही नाइलाजानेच.

उखीमठ साधारण 1,300 मीटरवर, मंदाकिनी नदीच्या अलीकडे. समोरच्या डोंगरावर गुप्तकाशी. भाऊबीजेला केदारनाथाची दारं बंद झाली की पंचमुखी डोली (देवाची पालखी) तिसऱ्या दिवशी इथल्या ओंकारेश्वर मंदिरात येते आणि हिवाळाभर देवाची पूजा इथेच होते. दारं पुन्हा कधी उघडायची, तेही महाशिवरात्रीला इथेच जाहीर करतात. खुद्द देव सहा महिने या गावात मुक्काम करतो, आणि आमच्या मंडळींना एक दिवस जड झाला!

देवळाखालच्या वाटेने उतरलो तर शेतं लालभडक. जवळ जाऊन पाहते तो राजगिरा. तिकडे त्याला चौलाई म्हणतात. चतुर्थीला राजगिऱ्याचे लाडू खाण्यात जन्म गेला, पण त्याचं उभं पीक पहिल्यांदा पाहिलं ते हिमालयात. पुढे एका अंगणात नाचणीची कणसं वाळत घातलेली (तो मंडुवा), सुपात कुळीथ (तो गहत). हजारो मैलांवर आलो म्हणावं, तर घरचेच डबे उघडून ठेवल्यासारखे.

त्या अंगणात माझ्याच वयाची एक बाई पाट्यावर मीठ वाटत होती. लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि खडेमीठ. वरवंटा पुढे नेताना मनगट जरासं वळवायची, त्यामुळे वाटण कडेला सांडतच नव्हतं. ‘पिस्यूं लूण,’ ती म्हणाली आणि जून, पिवळट पडलेल्या काकडीच्या फोडीला लावून माझ्या हातावर ठेवलं. साताऱ्याच्या माणसाला ठेच्यापुढे कशाचं कौतुक सांगू नये, पण हे जमलं होतं.

तिचा धाकटा मुलगा नवी मुंबईत हॉटेलात आचारी आहे. ‘दीदी, तुम्हारे यहाँ कपड़े सूखते नहीं क्या?’ तिने विचारलं. पावसाळ्यात त्याने फोनवर रडगाणं गायलं असणार. थोरला गौरीकुंडला खेचरं घेऊन गेलेला. हंगाम संपेपर्यंत घर नाही. 2013 च्या जूनचा विषय मी काढला नव्हता, तिनेच काढला. त्या पुराच्या वेळी खोऱ्यातल्या कितीतरी गावांतले कमावते पुरुष असेच यात्रेच्या कामाला वर गेले होते, ते परत आले नाहीत. एवढंच बोलली आणि पाटा धुवायला घेतला. तेवढ्यात केदारच्या दिशेने एक हेलिकॉप्टर गेलं. मी मान वर केली, तिने नाही.

दुपारी तिची सून गवताचा भारा घेऊन वाट चढत आली. आधी नुसता भारा दिसला, मग त्याखालची दोन पावलं. आमच्यातल्या एकीने लगेच मोबाइल उचलला. सून थांबली. ‘पहले बोझ तो उतारने दो, दीदी.’ आम्ही तिघीही ओशाळलो. तिने भारा बांधावर टेकवला, दोर सोडला, तोंड पुसलं, डोक्याचा रुमाल नीट बांधला आणि मग हसत फोटोला उभी राहिली.

यात्रा कंपन्यांना माझी विनंती आहे की असा एक रिकामा दिवस कार्यक्रमात ठेवा, आणि शक्य तर मुक्काम गावातल्या घरांतून करा. तिथले पैसे तिथे राहतील. केदारनाथला मिळणारे चौलाईचे लाडूही त्या भागातल्या बचत गटांच्या बायका करतात, ते अवश्य घ्यावेत. आमच्यातल्या काहींनी हेलिकॉप्टरला मुकाट हजारो रुपये मोजले आणि राजगिऱ्याच्या पुड्यावर दहा रुपयांसाठी घासाघीस केली. लोकरी मोजे घेताना मीही केली, कबूल करते.

संध्याकाळी तुंगनाथची मंडळी पाय चोळत परतली. ‘तुम्ही काय केलंत दिवसभर?’ असं विचारून आपापले फोटो दाखवू लागली. मी निघताना बांधून मिळालेली मिठाची पुडी काढून ताटाशेजारी ठेवली. साताऱ्याला आणायची होती, पण जेवण होईस्तोवर कागद तेवढा उरला.

– एक वाचक, सातारा