बायोवेअरवरची माया का आटली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या बायोवेअर स्टुडिओच्या ‘ॲन्थम’ या खेळाचे सर्व्हर १२ जानेवारी २०२६ रोजी बंद झाले. तो खेळ फक्त ऑनलाइन चालायचा, त्यामुळे ज्यांनी पैसे मोजले त्यांनाही आता तो उघडता येत नाही. बातमी वाचून मी पान उलटलं. याच स्टुडिओच्या खेळांसाठी मी एके काळी रात्ररात्र जागलेय, म्हणून हे पत्र.

१९९५ साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये डॉक्टर मंडळींनी हा स्टुडिओ काढला. मी त्याच्या नादी लागले ती ‘मास इफेक्ट’मुळे. त्यात वर्मायर ग्रहाच्या किनाऱ्यावर रेक्स नावाचा आपलाच साथीदार आपल्यावर बंदूक रोखतो. त्याच्या जमातीला वंश वाढवता येत नाही, आणि त्यावरचा इलाज जिथे आहे तो तळच आपण उडवायला निघालेले असतो. मी त्याच्या घराण्याचं चिलखत आधी शोधून दिलं होतं. त्याने बंदूक खाली घेतली. माझ्या भावाने ते चिलखत शोधलं नव्हतं, त्याचा रेक्स तिथेच मेला. २०१० साली दुसरा भाग आला तेव्हा माझ्या खेळात रेक्स जमातीचा प्रमुख होऊन बसला होता आणि मला बघताच त्याने नावाने हाक मारली. भावाच्या खेळात त्या जागी कुणी भलताच उद्धट इसम होता. मधल्या काळात कॉम्प्युटर बदलला, पण पहिल्या भागातले माझे निर्णय ज्यात साठवलेले होते आणि दुसऱ्या भागाला जी दाखवावी लागते, ती सेव्ह फाइल मी पेनड्राइव्हवर जपून ठेवली होती.

२०१२ साली तिसऱ्या भागाच्या शेवटावरून खेळाडू भडकले, मीही भडकले. पण तो राग घरच्या माणसावरचा होता. स्टुडिओनेही तो ऐकला आणि शेवटाची वाढीव आवृत्ती फुकट दिली.

याच स्टुडिओच्या ‘ड्रॅगन एज’ या दुसऱ्या मालिकेचंही तसंच होतं, मागचे निर्णय पुढे चालत यायचे. २०१४ च्या ‘इन्क्विझिशन’आधी जुन्या दोन भागांतले आपापले निर्णय एकेक करून भरता येत होते. दहा वर्षांनी पुढचा भाग ‘व्हेलगार्ड’ आला आणि त्याने मागचं विचारलं काय, तर तीन गोष्टी. तिन्ही ‘इन्क्विझिशन’मधल्याच. पहिल्या भागातली आपली साथीदार मॉरिगन त्यात आहे, पण तिच्या मुलाचं नावही निघत नाही. ज्यांनी पहिल्या भागात त्या मुलासाठी जीव टांगणीला लावून निर्णय घेतला, त्यांनी काय समजायचं?

‘व्हेलगार्ड’चे खेळाडू सुमारे १५ लाख, अपेक्षेच्या जवळपास निम्मेच, असं मालक कंपनी ईएने जाहीर केलं. त्यावर ईएच्या प्रमुखांनी लोकांना आता सगळ्यांचं सामायिक जग असलेले खेळ हवे आहेत, असं निदान केलं. हे मला अजिबात पटत नाही. तसं जग ‘ॲन्थम’मध्ये होतंच की! आम्हाला हवं होतं ते आमचं एकट्याचं जग, आम्ही केलेलं आणि खेळाच्या लक्षात राहिलेलं. ते लिहिणाऱ्या जुन्या लेखकांपैकी काहींना तर २०२३ च्या नोकरकपातीतच घरी पाठवलं गेलं. दोष त्यांना देऊ नये, एवढं मात्र माझ्यासारख्या रागावलेल्यांनाही सांगावंसं वाटतं.

पुढच्या ‘मास इफेक्ट’चं काम सुरू आहे. माझा पेनड्राइव्ह अजून चालतो. त्यातल्या फाइलमध्ये रेक्स जिवंत आहे.

आपली नम्र,
एक जुनी खेळाडू