वाघ्याची शिकवणी की घरच्यांची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पानावर एका वाचकांचं पत्र आलं होतं, शहरात मोठ्या जातीची कुत्री पाळायलाच बंदी करा म्हणून. त्यांचा राग मला कळतो, कारण ज्या घरातल्या कुत्र्याने माणसाला चावलंय त्या घरातलीच मी आहे. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार हे आधीच सांगते, तुम्हाला कापायचं ते कापा पण कानाचा भाग तेवढा ठेवा.

आमचा वाघ्या म्हणजे जर्मन शेफर्ड आणि गावठीचं क्रॉस, वजन ३४ किलो. जन्म दिंडोरी तालुक्यात, दादाच्या द्राक्षबागेत. तिथे त्याला कामच एक होतं, अनोळखी माणूस बांधावर दिसला की भुंकून हाकलायचं, आणि भुंकला की गडी लोक शाबास म्हणायचे वर भाकरीचा तुकडा टाकायचे. पहिली दोन वर्षं हेच त्याचं शिक्षण. मग त्या बाजूला बिबट्या फिरायला लागला, शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं एका रात्रीत गायब झालं, वहिनी म्हणाली ताई याला तुमच्याकडे घेऊन जा. नाव वाघ्या आणि बिबट्याला घाबरून शहरात आला यावर आमच्याकडे अजून हसतात.

तर हा आला पाथर्डी फाट्याला आमच्या रो हाऊसमध्ये. मळ्यात दिवसाला एखादा परका माणूस यायचा, इथे सकाळी दूधवाला, मग घंटागाडी, मग पेपरवाला, कुरिअर, पार्सल, मुलाचे मित्र, वर्गणीवाले. हा प्रत्येकावर भुंकणार. आणि गंमत बघा, दूधवाला दूध ठेवून जाणारच असतो, तो त्याच्या कामानेच जातो, पण वाघ्याला वाटतं मी भुंकलो म्हणून पळाला. म्हणजे त्याच्या हिशोबात तो रोज पंधरा लढाया जिंकत होता. असा रोज जिंकणारा प्राणी भुंकणं कशाला सोडेल? आम्ही आपलं म्हणत होतो फार हट्टी आहे, ऐकतच नाही.

आमच्या ह्यांनी मग गेटवर "कुत्र्यापासून सावध रहा" ची पाटी लावली, जाड साखळी आणली, दिवसभर पार्किंगमध्ये बांधून ठेवायला लागलो. मला तेव्हा माहिती नव्हतं की १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या कायद्यात कलम ११ मध्ये हे सरळ लिहिलंय, कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम दिला नाही तर मालकाचा गुन्हा. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये, म्हणजे आजच्या भावात मिसळीची एक प्लेट पण येणार नाही, म्हणून कोणाला धाकही नाही. पण बांधलेला कुत्रा जास्त चिडतो हे मी डोळ्यांनी बघितलं. माणूस समोरून जातोय, याला लांबही पळता येत नाही आणि जवळ जाऊन वासही घेता येत नाही, मग उरतं काय, दात दाखवणं.

मग कोणीतरी एक ट्रेनर सुचवला. नाव लिहित नाही, कारण बोलावलं आम्हीच आणि पैसे पण आम्हीच मोजले. तीन आठवड्यांचे १५ हजार. त्याचं म्हणणं, कुत्रा तुम्हाला मालक मानत नाही, तुम्ही कळपाचा "अल्फा" म्हणजे म्होरक्या बना. गळ्यात आवळणारी साखळी घालायची, गुरगुरला की हिसडा, परत गुरगुरला की जमिनीवर आडवा पाडून दाबून धरायचं. मला बघवायचं नाही पण वाटलं याला कळत असेल. तीन आठवड्यांनी वाघ्या खरंच गुरगुरायचा बंद झाला. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होते.

हे अल्फाचं खूळ आलं कुठून ते मी नंतर शोधून वाचलं. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवरचा एक अभ्यास १९४७ साली छापून आला, एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका पिंजऱ्यात घातल्यावर ते भांडणारच ना. पुढे डेव्हिड मीच (Mech) नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ही कल्पना लोकांपर्यंत नेली आणि मग मोकळे लांडगे वर्षानुवर्षं बघून १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, तिथे कोणी कोणाला पाडून अल्फा होत नाही. ज्याने सांगितलं तोच म्हणतो चुकलं, पण आपल्याकडचे ट्रेनर अजून आडवा पाडतायत.

श्रावणातली गोष्ट. सिलिंडरवाला आला, मी गेटची कडी नीट लावली नव्हती, चूक शंभर टक्के माझी. वाघ्या शांत उभा होता. ना भुंकला ना गुरगुरला, म्हणून तो मुलगाही बिनधास्त आत आला आणि वाघ्याने काही आवाज न करता त्याची पोटरी धरली. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचा हॉर्न हो. आम्ही १५ हजार देऊन हॉर्नची वायर कापून घेतली होती. आणि ती म्हण आहे ना भुंकणारा कुत्रा चावत नाही, त्यावरही विसंबू नका, भुंकणारे पण चावतात, पण निदान आधी सांगतात तरी.

त्या मुलाची जखम नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुतली. हे इथे मुद्दाम लिहितेय कारण शेजारच्या आजी हळद आणि चुना घेऊन धावत आल्या होत्या, तसलं काही जखमेत भरायचं नाही, पाणी आणि साबण. मग सरकारी हॉस्पिटल. वाघ्याला रेबीजची लस दरवर्षी दिलेली होती तरी डॉक्टरांनी त्या मुलाला लस दिलीच, पहिल्या दिवशी आणि मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. चारही वेळा आमचे हे त्याला गाडीवर घेऊन गेले, बुडालेली मजुरी आम्ही दिली. दहा दिवस वाघ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, ते दहा दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. पोलिसात तो गेला नाही हा त्याचा मोठेपणा. गेला असता तर भारतीय न्याय संहितेचं २९१ कलम आहे, जनावराबाबत निष्काळजीपणा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता कानाचं. व्हेटकडे गेले ते हेच विचारायला की याला कोणाला देऊन टाकू का. त्यांनी बाकी काही बोलायच्या आधी वाघ्याचे कान बघितले. डाव्या कानात आतपर्यंत इन्फेक्शन, पावसाळ्यात वाढलेलं, वास येत होता आणि आम्हाला तो ओल्या कुत्र्याचा वास वाटायचा. म्हणजे आम्ही पट्ट्याला धरून ओढायचो तेव्हा कान दुखायचा, आम्ही म्हणायचो हट्ट करतोय. एकदम स्वभाव बदलला, हात लावू देत नाही, हाक मारली तर येत नाही, तर ट्रेनरच्या आधी डॉक्टर गाठा. कान, दात, कंबर, सगळं तपासून घ्या.

त्यांनीच एका काकांचा नंबर दिला, लष्कराच्या श्वानपथकातून रिटायर झालेले. लष्कराची कुत्री मेरठच्या केंद्रात तयार होतात, काकांचं बरंच आयुष्य त्यात गेलेलं. मला वाटलं मिलिटरीवाले म्हणजे अजून कडक. ते आले, वाघ्याकडे बघितलं पण नाही, खुर्चीत बसून चहा प्यायले आणि म्हणाले घरातले सगळे बोलवा, एकेकाने याला बसायला सांगा.

मी म्हटलं "बस". मुलगा म्हणाला "सिट". आमचे हे म्हणाले "ए, खाली!" आणि सासूबाई म्हणाल्या "बैस रे माझ्या राजा" आणि तो बसायच्या आधीच बिस्कीट दिलं. काका हसायला लागले. म्हणाले चार माणसं चार भाषा, आणि वर आजींकडे काही न करता पगार, मग हा कोणाचं ऐकेल? त्या दिवशी फ्रिजवर कागद लागला. बस, थांब, सोड, ये, जागेवर. पाच शब्द, सगळ्यांनी तेच, एकदाच म्हणायचे, दहा वेळा ओरडायचे नाहीत. सासूबाईंना आवरायला मात्र सगळ्यात जास्त दिवस लागले, वय ८१, त्यांना कोण ट्रेन करणार.

दाराची बेल हा खरा घोळ. त्यासाठी एक जुनी सतरंजी घेतली, हॉलच्या लांबच्या कोपऱ्यात टाकली. आधी नुसतं "जागेवर" म्हणून तिथे गेला की उकडलेल्या चिकनचा तुकडा, हरभऱ्याएवढा, मोठा नाही. आठवडाभर एवढंच. मग मुलाने आमच्या बेलचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून अगदी बारीक आवाजात वाजवला, वाजला की सतरंजी, सतरंजीवर चिकन. रोज एक एक काडी आवाज वाढवायचा. मुलगा म्हणे आई हा तर पावलोव्ह आहे, खाण्याआधीची खूण मिळाली की कुत्र्याला लाळ सुटते हे दाखवणारा रशियन शास्त्रज्ञ, त्या माणसाला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी आणि जग ओळखतं कुत्र्याच्या लाळेसाठी. मी म्हटलं नोबेल राहू दे, चिकन संपलंय ते आण.

मग माणसं. मुलाचा मित्र आधी कॉलनीच्या कोपऱ्यावर उभा करायचा, वाघ्याला तो दिसला की खाऊ सुरू, तो दिसेनासा झाला की खाऊ बंद. काकांची खूण साधी होती, कुत्रा खाऊ घेत नसेल तर आपण फार जवळ आलोय, मागे व्हा. काही दिवस दोन पावलं पुढे तर चार मागे. गुरगुरला तर रागवायचं नाही, तो सांगतोय ते ऐकायचं आणि अंतर वाढवायचं. दोन महिन्यांनी त्याचं गुरगुरणं परत आलं तेव्हा मला हायसं वाटलं, शेजारणीला वाटलं माझं डोकं फिरलंय.

खाऊवरून एक, नाशिककरांनी तर हे लक्षात ठेवाच. द्राक्ष आणि मनुका कुत्र्याला द्यायचे नाहीत, किडनी निकामी होऊ शकते. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कच्चा असो की भाजीतला. आपल्या जिल्ह्याची दोन्ही लाडकी पिकं कुत्र्याला विष, आणि आमच्या मळ्यातले गडी त्याला प्रेमाने गळालेले मणी खायला घालायचे. नशीब त्याचं.

तोंडाला जाळीचा मुसका पण शिकवला, पिंजऱ्यासारखा, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. आत दही लावून समोर धरायचा, तो आपण होऊन नाक घालायचा, पट्टा बांधायला पंधरा दिवस लागले. लोक बघून म्हणतात बिचारा. एकलव्याने कुत्र्याचं तोंड बाणांनी बंद केलं त्याचं कौतुक सांगतात आणि दह्याच्या मुसक्याला बिचारा.

सकाळी साडेपाचला पांडवलेणीच्या बाजूला फिरायला नेतो, छातीशी कडी असलेला हार्नेस, आवळणारी साखळी भंगारात दिली. वाघ्या गोजिरवाणा झालेला नाही. पाहुणे त्याला आजही आवडत नाहीत, लहान मुलांच्या जवळ मी त्याला सोडत नाही, दिवाळीत चार दिवस मागच्या खोलीत पंखा आणि टीव्ही लावून ठेवतो. पण बेल वाजली की सतरंजीवर जातो, तिथून गुरगुरतो, आणि तिथेच राहतो. पाच महिने लागले, रोज दहा दहा मिनिटं तीनदा.

आता त्या बंदीबद्दल. केंद्राने मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर बंदीचं पत्रक काढलं होतंच, कर्नाटक हायकोर्टाने पुढच्याच महिन्यात ते रद्द केलं. समजा टिकलं असतं, तरी आमचा वाघ्या त्या यादीत बसतच नव्हता, आणि चावला तोच. माझं महापालिकेकडे मागणं वेगळंच आहे. कुत्र्याच्या परवान्याला आपण लसीचा कागद दाखवतो आणि पैसे भरतो, त्याच वेळी मालकाला दोन तास बसवा, गुरगुरणं म्हणजे काय, चावलं तर काय करायचं, बांधून का ठेवायचं नाही, एवढं एखाद्या व्हेटकडून सांगा. आणि एखाद्या बागेचा कोपरा जाळी मारून द्या जिथे कुत्रं सोडता येईल, जॉगिंग ट्रॅकवर चालणाऱ्यांचाही त्रास वाचेल. नवीन ट्रेनर ठेवणाऱ्यांना सांगते, जो म्हणेल कुत्रा माझ्याकडे महिनाभर सोडा, तयार करून देतो, त्याला विचारा की मग आमची तयारी कोण करणार. त्याच्याकडे बसेलही, घरी सासूबाईंचं बिस्कीट आहेच.

आपली नम्र,
एक वाचक (कॉलनीत वाघ्याची आई), पाथर्डी फाटा, नाशिक

ता. क. तो सिलिंडरवाला मुलगा अजून आमच्याकडेच येतो. बेल वाजवतो, गेटच्या बाहेर उभा राहून ओरडतो "काकू, जागेवर का?" मी हो म्हटल्याशिवाय कडीला हात लावत नाही. गेल्या खेपेला खिडकीतून सतरंजीकडे त्याने स्वतः बिस्कीट टाकलं. वाघ्याने खाल्लं नाही, पण वास घेतला.