ट्रॉलीखालच्या फरशीचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरसजावटीच्या पुरवण्यांमधे 'किचन न हलवता, तोडफोड न करता नवी फ्लोअरिंग' टाइपचं काही छापून आलं की आमच्याकडे लगेच फोन सुरू होतात. मी ठाणे-डोंबिवली साइडला घरदुरुस्तीची कामं घेते, म्हणून लिहावंसं वाटलं. याचा अर्थ बहुतेक वेळा जुन्या टाइलवरच नवी टाइल बसवणं, आणि ते वाईट अजिबात नाहीये. अ‍ॅडहेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा तयार माल, चांगलं वापरलं (गोणीवर आयएस १५४७७ हे त्याचं भारतीय मानक लिहिलंय का ते बघा, जुन्या गुळगुळीत टाइलवर साधा सिमेंटचा माल धरत नाही) आणि खालची टाइल पोकळ वाजत नसेल तर काम छान टिकतं. पण उंचीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, आणि सगळी भांडणं तिथेच होतात.

हिशोब साधा आहे. दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड टाइल ८ ते १० मिमी, त्याखाली अ‍ॅडहेसिव्ह ३ ते ६ मिमी, म्हणजे जमीन अर्धा इंच वर आली. आता ओट्याखाली सगळं आधीच फिट बसवलेलं आहे, ते काही वर येणार नाही. मग कुकर-पातेल्यांची सगळ्यात खालची ट्रॉली जमिनीलगत बसवलेली असेल तर ओढताना तिचं शटर, म्हणजे पुढची फळी, नव्या टाइलवर खर्रकन घासतं, दाराला खालून रंधा मारावा लागतो, आणि लॉफ्टखाली मापात बसवलेला फ्रिज एकदा बाहेर काढला की परत आत जातच नाही. ओट्याखालच्या वॉशिंग मशीनची तर आणखीनच गंमत, मशीन आत जुन्या फरशीवर आणि पुढ्यात नवी टाइल, वर ग्रॅनाइट. बिघडलं की मेकॅनिक येतो, बघतो आणि म्हणतो मॅडम हे निघणार नाही. आणि सिलेंडर! भरलेला सिलेंडर तीसेक किलोचा असतो, पूर्वी तो नुसता सरकवून आत जायचा, आता आतली जमीन खाली आणि बाहेरची वर, त्यामुळे रिकामा काढताना पण घरातल्या बाईने तो उचलायचा. कारागीर तर केव्हाच पैसे घेऊन गेलेला असतो.

याच्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पाणी. हल्लीचं मॉड्युलर किचन चार इंची प्लास्टिकच्या पायांवर उभं असतं आणि पुढे स्कर्टिंगची पट्टी क्लिपने लावलेली असते. टाइल त्या पट्टीपर्यंत आणून थांबवली की मागे अख्ख्या ओट्याखाली अर्धा इंच खोल हौद तयार झाला. सिंकचा पाइप किंवा फिल्टरची नळी ठिबकायला लागली की पूर्वी ते पाणी वाहत पायाशी यायचं आणि कळायचं, आता ते आतच साठतं, आणि जमिनीपर्यंत आलेलं साइडचं पॅनल खालून फुगून लॅमिनेट सुटलं की मग कळतं. झुरळांची सोय होते ते वेगळंच. जुन्या पद्धतीचा कडप्प्याचा ओटा असेल, ज्यात खणांचा तळ जमिनीपासून वर बांधून घेतलेला असतो, तर हा त्रास नाही, तिथे टाइल ओट्याच्या कडेपर्यंत आणून थांबवा, काही बिघडत नाही.

माझं स्पष्ट मत विचाराल तर किचन पायांवर उभं असेल तर जुनी टाइल उखडूनच काढा. धूळ होते, आवाज होतो, सोसायटीत परवानगी घ्यावी लागते, सगळं मान्य, पण लेव्हल जिथल्या तिथे राहते. फक्त डायरेक्ट ब्रेकर घालू देऊ नका. आधी स्कर्टिंग काढायचं, कटर जिथपर्यंत पोचतो तिथे सरळ लाइन मारून घ्यायची आणि मग हलक्या हाताने छिन्नी चालवायची, नाहीतर हादऱ्याने वरच्या ग्रॅनाइटचा जॉइंट उघडतो. शिवाय प्रत्येक थराचं चौरस फुटाला अडीच किलोच्या आसपास वजन वाढतं, त्यामुळे जुन्या बिल्डिंगमधे एकदा टाइलवर टाइल झालेली असेल तर त्यावर तिसरा थर तर नकोच.

आणि तरीही वरूनच करायची असेल तर मशीनचा आणि सिलेंडरचा खण भिंतीपर्यंत टाइल करून घ्या, बाकी ठिकाणी निदान पुढच्या पायांच्या मागे हात पोचेल तिथपर्यंत टाइल आत न्या, म्हणजे कटिंगचे वाकडेतिकडे तुकडे पण स्कर्टिंगमागे लपतात. स्कर्टिंग खालून तेवढंच कापून परत क्लिपवरच लावा, म्हणजे अधूनमधून काढून आत टॉर्च मारता येतो. ते ग्राउटने (टाइलचे सांधे भरायच्या मालाने) चिणून टाकणारे महाभाग पण पाहिलेत मी! तिथे सिलिकॉनची बारीक लाइन पुरते. मधल्या सांध्यांना परवडत असेल तर इपॉक्सी ग्राउट घ्या, साध्या पांढऱ्या ग्राउटवर हळद सांडली की विषय संपला.

कारागीर हे सगळं का टाळतात तेही सांगते. त्यांना मजुरी चौरस फुटावर मिळते आणि माप घेताना टेप स्कर्टिंगपाशी थांबतो. आत पालथं पडून पायांभोवती टाइल कापायला अर्धा दिवस जातो आणि तो मापात धरलाच जात नाही, मग कोण करेल? तेवढ्या कामाची मजुरी रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीच्या मापावर, वेगळी ठरवा आणि काम सुरू व्हायच्या आधी ठरवा, बहुतेक जण मग आनंदाने करतात.

पुढच्या वेळी चकाचक किचनचा फोटो छापाल तेव्हा शेजारी स्कर्टिंग काढलेला एक फोटो पण छापा, एवढीच विनंती.

- एक वाचक, ठाणे