जुन्या पिस्तुलाचा रेंजवरचा पहिला दिवस

महोदय,

वापरलेले .२२ स्पोर्ट्स पिस्तूल घेऊन रेंजवर आलेला माणूस पहिल्या दिवशी टार्गेटकडेच बघत बसतो. बघायला हव्यात त्या पायाशी पडलेल्या पुंगळ्या, म्हणजे झाडून झालेली रिकामी काडतुसे. पहिल्या ५० गोळ्यांत तीनदा अडकले की विकणाऱ्याला फोन जातो, ‘गंडवलंस की!’ आणि दुसऱ्या दिवशी पिस्तूल कुणाच्या तरी ओळखीच्या लेथवाल्याकडे पोचते. दोन्ही टाळता येते, म्हणून हे पत्र.

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते ५० मीटर रायफलीत. तिथे बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग, दर गोळीला हाताने मागेपुढे करायचा असतो. राही सरनोबत यांचे २०१८ च्या आशियाई स्पर्धेतले सुवर्ण २५ मीटर पिस्तुलातले. तिथे बोल्ट मागे जाणे, पुंगळी बाहेर पडणे, पुढची गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) शिरणे ही सगळी कामे झाडलेल्या गोळीच्या धक्क्यावर होतात. काडतूस दोन्हीकडे .२२ चेच, गोळी जेमतेम २.६ ग्रॅम शिशाची. पण रायफलीत तिने फक्त नेमाला जागायचे, पिस्तुलात यंत्रही चालवायचे. त्यामुळे जुन्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचे दुखणे बहुधा स्प्रिंग, मॅगझिन, मळ आणि गोळीचा ब्रँड यांतच सापडते.

एक गोळीही भरण्याआधी पिस्तूल तपासावे. मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामे असल्याची खात्री, मग बोल्ट काढून नळीतून पांढऱ्या कागदावरचा उजेड पाहावा. मध्येच एखादे काळसर कडे दिसले, तर कधीतरी नळीत गोळी अडकलेली असताना मागून दुसरी झाडली गेली आहे आणि तिथे नळी फुगली आहे. असे पिस्तूल स्वस्तातसुद्धा घेऊ नये. मग कान साफ करायची कापसाची काडी चेंबरच्या तोंडावरून गोल फिरवावी. कापसाचा धागा एकाच जागी अडकत असेल, तर आधीच्या मालकाने रिकाम्या चेंबरवर चाप ओढून सराव केला आहे. .२२ मध्ये फायरिंग पिन, म्हणजे ठोका मारणारी खिळी, काडतुसाच्या काठावर बसते. काडतूस नसले की ती थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे पोचा पडून कंगोरा उठतो. हा दोष दुरुस्त होतो, पण किंमत ठरवण्याआधी कळलेला बरा.

पिस्तूल वर्ष-दोन वर्षे पेटीत पडून असेल तर जुन्या तेलाचा डिंक झालेला असतो. फायरिंग पिन त्यात रुतत चालते, ठोका हलका बसतो आणि खापर गोळीवर फुटते. पिनची खोबण धुऊन कोरडी करावी, चेंबरमधले तेल पुसून टाकावे. बोल्टच्या मागे धक्का झेलणारा पॉलिमरचा बफर असलेले मॉडेल असेल तर तो नखाने दाबून पाहावा. भुगा सुटत असेल तर बदलावा.

गोळी भरताना घाई नको. पहिल्या तीन वेळा मॅगझिनमध्ये एकच गोळी. मग दोन, कारण एका चाप-दाबात दोन गोळ्या सुटतात का हे इथेच कळते. हे नीट झाले तरच पाच भराव्यात. गोळ्या स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या, म्हणजे साधारण ३२० ते ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या, आणि दोन-तीन ब्रँडच्या प्रत्येकी ५० घ्याव्यात. ब्रँड बदलल्यावर पहिल्या १०-१५ गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, धरू नये, कारण नळीत आधीच्या गोळ्यांचे मेण असते. हात वाळूच्या पिशवीवर टेकवून ५-५ चे दोन ग्रुप काढावेत. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे असते. चांगले टार्गेट पिस्तूल मानवलेल्या गोळीने टेक्यावरून त्याच्या बरेच आत राहते. एक ब्रँड आत आणि दुसरा पसरलेला दिसला तर पिस्तुलात दोष नाही, त्याला ती गोळी मानवत नाही इतकेच.

आता पुंगळ्या. दगा दिलेले काडतूस लगेच काढायला जाऊ नये. नळी टार्गेटकडे ठेवून ३० सेकंद थांबावे, मग काढून काठावरचा ठोका बघावा. ठोका खोल असूनही बार झाला नाही, तर गोळी फुसकी. ठोका उथळ असेल आणि तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला उडत असेल, तर पहिल्या वेळी ते चेंबरमध्ये पूर्ण बसलेच नव्हते. पिनची ताकद त्याला पुढे ढकलण्यात गेली. कारण बहुधा चेंबरच्या पुढच्या टोकाला साचलेले मेण आणि काजळीचे कडे. ब्राँझ ब्रश तिथे चार वेळा जास्त फिरवावा. पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकली तर धक्का कमी पडला. गोळी मवाळ, मनगट सैल किंवा कुणीतरी भलतीच कडक रिकॉइल स्प्रिंग (बोल्टला पुन्हा पुढे ढकलणारी) घातलेली. पुंगळी चेंबरमध्येच राहिली तर ती ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची नखी झिजली आहे किंवा तिच्याखाली मळ आहे. पुढच्या गोळीचे नाक खाली आपटून चेपले तर दोष बहुधा मॅगझिनच्या ओठांत, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांत. मॅगझिनांवर मार्करने १, २, ३ लिहून ठेवावे. अडकणे दर वेळी २ नंबरवरच होत असेल तर बाकी पिस्तूल खोलायची गरज नाही.

एक सल्ला मात्र ऐकू नये. हाय व्हेलॉसिटी गोळी घाल, अडकायचं थांबेल, असे हमखास कुणीतरी सांगते. थांबतेही. पण टार्गेट पिस्तुलाच्या स्प्रिंगा त्या धक्क्यासाठी नसतात. बोल्ट मागे आपटत राहतो, आधी बफर जातो, मग फ्रेमला तडा.

एका दाबात दोन बार झाले किंवा बोल्ट बंद होताना आपोआप बार झाला, तर त्या दिवशी पुढे एकही गोळी झाडायची नाही. सेअर (चाप ओढेपर्यंत ठोका अडवून धरणारा खटका) झिजलेला असतो किंवा कुणीतरी चाप हलका करायच्या नादात भलताच स्क्रू फिरवलेला असतो. इथेच आपली कोल्हापुरी सवय नडते. उद्यमनगरात ऑइल इंजिनाचा कुठलाही भाग करून मिळतो, मग सेअर का नाही? सेअरची कडक पातळ धार दोन हात कानस मारली की गेली, आणि पुढची गोळी कधी सुटेल याचा भरवसा उरत नाही. शिवाय परवान्याविना शस्त्र दुरुस्त करणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे. लेथवाला कितीही जवळचा असो.

२५ मीटरच्या स्पर्धेत .२२ पिस्तुलाच्या चापाचे वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा जोर, किमान १००० ग्रॅम लागते. स्प्रिंग काट्यावर विसंबू नये. पिस्तूल कॉक करून, नळी उभी धरून चापाला अडकवलेले वजन टेबलावरून सावकाश उचलावे, तीन प्रयत्नांत एकदा तरी चाप न सुटता उचलले गेले पाहिजे. मॅन्युअलमध्ये ‘वजन’ म्हणून दाखवलेला स्क्रू तेवढा फिरवावा.

साइटला, म्हणजे नेम धरायच्या खाचेला, पहिल्या दिवशी शक्यतो हात लावू नये. ग्रिप दुसऱ्याच्या तळव्यावर घासलेली असते, त्यामुळे ग्रुप बाजूला जाणारच. लावावाच लागला तर जर्मन पिस्तुलांवरची अक्षरे नीट समजून घ्यावीत. ‘एच’ म्हणजे वर आणि ‘टी’ म्हणजे खाली, पण गोळी वर लागत असेल तर ‘एच’कडे फिरवायचे असते, म्हणजे ती खाली येते. हे माहीत नसलेला माणूस १० क्लिक उलटे फिरवून नळीला दोष देतो.

रेंजवरून थेट मिसळीच्या टेबलावर बसू नये. आधी साबणाने हात धुवावेत, कारण बोटांवर शिसे असते. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात पिस्तूल फोमच्या पेटीत ठेवले की गंज आलाच. फोम ओल धरतो.

विकणाऱ्यांनाही एक विनंती. एका परवानाधारकाने दुसऱ्याला शस्त्र द्यायचे तर जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. त्या दिवसांत घेणाऱ्याला एकदा रेंजवर बोलवा, गोळ्या तुम्हीच झाडा आणि पुंगळ्या त्याला वेचू द्या. पेटीत एक चिठ्ठी ठेवा: आजवर अंदाजे किती गोळ्या झाल्या, कुठला ब्रँड चालला, रिकॉइल स्प्रिंग शेवटची कधी बदलली. आणि जुनी मूळ स्प्रिंग टाकून दिली नसेल, तर तीही त्याच पेटीत.

– कोल्हापुरातील काही पिस्तूल नेमबाज