डबा परत करायचा राहिलाय

अलोरे-शिरगावकडच्या पोरांनो,

तुमची नावं इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही, पण वाचलंत की ओळखाल. चिपळूणची खेर्डीच्या रस्त्यालगतची ती गल्ली, कोपऱ्यावर किराणा दुकान, त्या दुकानातली काकू मी.

त्या वर्षी मंगळवारी आषाढी, बुधवारी बकरी ईद आणि गुरुवारी, २२ जुलै २०२१ ला, पूर. २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती, ह्यांना वाटायचं त्याच्यावर काय पाणी जाणार नाही, म्हणून तांदळाची पोती त्या खुणेच्या वर फळीवर चढवून ठेवली आणि पाणी त्याच्याही वर गेलं. आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर. पाणी ओसरल्यावर खाली आलो तर गुडघाभर चिखल, डाळ-तांदळाचा आंबूस वास, लाईट नाही, रेंज नाही, आणि गंमत बघा, सगळीकडे पाणीच पाणी आणि प्यायला घोटभर नाही.

मदत खूप आली, त्याबद्दल वाईट बोलणार नाही, लांबलांबून ट्रक आले. पण ट्रक मेन रोडलाच थांबायचे, आत गल्लीत कोण येणार, आणि जुन्या कपड्यांचे ढीग तर असे पडले होते की शेवटी तेही चिखलासोबतच उचलावे लागले. एका दिवसात बिस्किटाचे वीस पुडे मिळाले आणि काडेपेटी मात्र कोणाकडेच नव्हती.

तुम्ही आलात तेव्हा मी तुमच्यावर खेकसले होते, आठवतंय ना? "आम्ही काय भिकारी आहोत का?" असं म्हणाले. खरं सांगते, आयुष्यभर गणपतीची, सप्त्याची वर्गणी देणारी माणसं आम्ही, हात पुढे करायची सवयच नाही रे, आणि आदल्याच दिवशी कोणीतरी खिचडीची प्लेट हातात देताना फोटो काढला होता. तुमच्यातला तो उंच पोरगा नुसता हसला आणि म्हणाला, "काकू, डबा उद्या परत द्या, आईचा आहे, नाहीतर मला घरात घेणार नाही."

स्टीलचा डबा! झाकणावर नाव कोरलेलं. पत्रावळी नाही, प्लास्टिकची पिशवी नाही. तुमच्या वाडीतल्या बायकांनी आपापल्या घरचे डबे भरून दिले होते आणि तुम्ही ते बाईकला पिशव्या लटकवून आणत होतात. शेजारणीचा डबा घ्यायला कसली लाज? घेतला. आत तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर कांदा. दोन दिवसांनी गरम खाल्लं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन आलात आणि घराघरात विचारलंत काय पाहिजे. ह्यांना शुगर आहे कळल्यावर गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढलात (तेवढाच एक फोटो) आणि संध्याकाळपर्यंत गोळ्या हजर. तुमच्यातल्या दोन मुलींनी गल्लीतल्या पोरींना बाजूला घेऊन पॅड दिले, ते आमच्यापैकी कोणाच्या तोंडातून निघालं नसतं. नंतर ट्रक बंद झाले, पण तुम्ही येतच राहिलात, फावडी घेऊन दुकानातला चिखल काढलात, माझा सडलेला माल स्वतःच्या हाताने उपसलात आणि एकाने पण नाकाला रुमाल लावला नाही. मी बघत होते.

एकच गोष्ट मनाला लागून राहिली. आपल्यात रिकामा डबा परत देत नाहीत ना, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. माझ्याकडे तेव्हा दुकानभर माल होता त्यातली चिमूटभर पण कोरडी उरली नव्हती. रोज नुसता धुऊन द्यायचे, तेही पुराचं पाणी निवळून. शेवटच्या दिवशीचा डबा मुद्दाम दिला नाही. चोरी म्हणा हवं तर. तुमच्यातल्या कोणीतरी आईचा ओरडा खाल्ला असणार, माफ कर रे बाबा.

दुकान परत उभं राहिलंय. डबा फळीवर आहे, यंदाची आमसुलं भरून ठेवलीत, झाकण जरा घट्ट बसतं. इकडे आलात की घेऊन जा, आणि जेवल्याशिवाय सोडणार नाही.

तुमची,
दुकानातली काकू