‘कॅन्सर खाणारा विषाणू’ एवढ्यावर थांबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कॅन्सर खाणारा विषाणू सापडला’ हा संदेश सध्या निपाणी-चिकोडी भागात मोबाइलवर फिरतो आहे. तंबाखूच्या या पट्ट्यात तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण असलेली घरे थोडी नाहीत. आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबाने तर हे वाचून मिरजेची रेडिएशनची तारीख पुढे ढकलली. ते ऐकून राहवले नाही, म्हणून हे पत्र.

विषाणू गाठ खात नाही. तो पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपल्या प्रती करून घेतो. अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळालेल्या ‘टी-व्हेक’ या कॅन्सरवरच्या औषधात ओठांवर फोड आणणारा हर्पिसचा विषाणू वापरला आहे. विषाणू शिरला की निरोगी पेशी प्रथिने बनवणे थांबवते. पेशीचा हा बचाव हाणून पाडणारे विषाणूचे जनुक शास्त्रज्ञांनी काढून टाकले, त्यामुळे निरोगी पेशीत त्याची वाढ खुंटते. कॅन्सरच्या अनेक पेशींत हा बचाव आधीच मोडलेला असतो. तिथे तो फोफावतो.

खरी कमाल पुढे आहे. अशा उपचारांसाठी वापरल्या जाणाऱ्या अॅडिनोव्हायरस या सर्दी-खोकला आणणाऱ्या विषाणूचेच पाहा. त्याची प्रथिने पेशीद्रवात बनतात आणि केंद्रकात जातात. तिथे कवच रचले जाते, आत डीएनए भरला जातो. तरीही विषाणू कच्चाच! त्याचे स्वतःचे एक विकर (एन्झाइम) आतली प्रथिने नेमक्या जागी कापते, तेव्हा तो पक्व होतो. तंबाखू नुसती कापून भागत नाही, उन्हात वाळावी लागते, तसेच हे. कच्चा कण नव्या पेशीत शिरतो, पण ज्या पिशवीतून आत आला तिच्यातून सुटत नाही. पक्व कण हजारोंनी साठले की पेशी फुटते, शेजारच्या पेशींना लागण होते आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीलाही गाठीची ओळख पटू लागते.

पण टी-व्हेक आहे मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी, तेही थेट गाठीत टोचायचे. चीनने २००५ साली डोके-मानेच्या कॅन्सरसाठी मान्य केलेला विषाणूही केमोथेरपीच्या जोडीनेच देतात. चालू उपचार सोडावेत असे यात काहीही नाही.

सीमाभागात दवाखान्यातली पत्रके बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असतात. मराठी घरांत पोहोचते ते आपले वर्तमानपत्र. आपल्या भागातल्या एखाद्या कॅन्सरतज्ज्ञांकडून या विषयावर मराठीत लेखमाला लिहून घ्यावी आणि वाचकांचे प्रश्नही त्यात घ्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, निपाणी (जि. बेळगाव)